कधीपासून दम लागतो

खिंडीत बर्फ साचलं की खालून काहीच वर येत नाही.
ना रक्ताच्या पिशव्या, ना डिझेल,
ना माझ्या जागी यायचा तो डॉक्टर
जो मार्चपासून निघालेला आहे.
जुलै चालू आहे. लेसोथोत जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
अठ्ठावीस खाटा, एक जनरेटर
आणि मालिनेओ सिस्टर, जिला जनरेटरचा खोकला
रोग्यांच्या खोकल्याइतकाच ओळखू येतो.

तिला लिनेओची आई म्हणून मालिनेओ म्हणतात.
बायकांना इथे पहिल्या मुलाचं नाव चिकटतं.
मला मूल नाही, म्हणून मी सात वर्षं नुसतीच न्गाका,
डॉक्टर. दुकानातही, चर्चमध्येही,
पावाच्या रांगेत कुणी शर्ट वर करून गाठ दाखवतं तेव्हाही.

न्ताते सेखोन्याना घोडीवर आले. ब्लँकेट पिनेने अडकवलेलं.
नातवानं उतरवून घेतलं,
तरी दारापासून खुर्चीपर्यंत दोनदा थांबले
आणि दोन्हीदा असं दाखवलं की भिंतीवरचं कॅलेंडर वाचताहेत.

एकवीस वर्षं सीमेपलीकडे, सोन्याच्या खाणीत.
सोनं पाहिलंत का कधी, मी एकदा विचारलं होतं.
म्हणाले, हो. मॅनेजरच्या दातात.

वीज नव्हती. एक्स-रे खिडकीच्या काचेला धरला
तर मागचा डोंगर त्यांच्या छातीत आला.
फिल्म जरा वर सरकवली, आभाळावर.
डोंगर गेला. पांढरे ठिपके राहिले.

नुकसानभरपाईचा अर्ज, चार पानं.
प्रश्न नववा: दम कधीपासून लागतो? तारीख लिहा.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, घोडीवर खोगीर टाकायला
थोरल्याला हाक मारावी लागली, तेव्हापासून.
कुठल्या साली?
साल कुठलं सांगू. ती दोनदाती होती.

मी शहरातली. मला घोड्याचं काय कळतं?
नातू म्हणाला, चला.
बर्फात उभं राहून त्यानं तिचा ओठ उचलला,
पिवळे लांब दात, वाफ, गवताचा आंबूस वास,
मी वाकून बघितलं, जसं घशात बघते.
चौदा, तो म्हणाला. फार तर पंधरा.
दिवसभरात मी तपासलेलं
ते एकच निरोगी तोंड.

आत येऊन अकरा वर्षं वजा केली.
महिना त्यांनी दिला: ज्वारी काढायला आलेली होती.
दिवस मी माझ्या मनानं घातला. पाच.
चार पानांत तेवढंच खोटं.

सप्टेंबरात गेले.
मी पुरायला गेले, इथे डॉक्टरला जावंच लागतं,
जिवंतपणी नाडी धरलेला हात मातीलाही लागतो.
परतताना ओढ्यावर पाय घसरला,
गुडघ्यापर्यंत चिखल. कुणी हसलं नाही.
जेवणात मला मांसाचा पहिला वाडगा दिला.
म्हणाले, न्गाका, तू केलंस तेवढं.
मी खाल्लं. घास उतरेना, तरी खाल्लं.

नोव्हेंबरात त्यांची बायको पत्र घेऊन आली,
चार तास चालत. घोडी असताना?
ती नातवाच्या कामाला असते, म्हणाली.
मी वाचून दाखवलं.
प्रश्न नववा: दिलेल्या तारखेचा पुरावा जोडा.

ती त्यावर काहीच बोलली नाही.
पत्राची तिनं घडी घातली, आधी होती तशीच,
त्याच रेषांवर.
मी अजून काय लिहिता येईल याचा विचार करत होते,
पशुवैद्याचा दाखला, शपथपत्र,
बाहेर व्हरांड्यात सतरा जण, एक बाळ अखंड रडणारं.

दारात थांबून तिनं विचारलं,
तुझे बूट वाळले का गं, त्या दिवशीचे?